टेबलावरची डी अँड डी ऑनलाइन गेली, तेव्हा सोबत काय गेलं?

"मामा, कोपऱ्यात वीस बाजूंचा फासा फिरतोय बघ. आकडासुद्धा दिसतोय. म्हणजे ही तुमची शनिवारचीच डी अँड डी झाली ना?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा तिच्या लॅपटॉपवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन' चालू होती. खेळणारे तिला डीडीओ म्हणतात. आम्ही सहा जण गेली काही वर्षं शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला माझ्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि टेबलाभोवती बसून मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डी अँड डी, खेळतो. भाची अकरावीत आहे. आमच्यात येऊन बसते, चिवड्याचा डबा संपवते आणि सगळं लक्ष देऊन ऐकते. डीडीओ मीही बरीच वर्षं खेळतोय. तरी तिच्या प्रश्नाला हो म्हणावं की नाही, हे मला पटकन सांगता येईना. शेवटी त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो. तेच इथं नीट मांडतोय, ज्यांनी असा फासा कधी हातात घेतलेला नाही त्यांनाही कळेल असं.

आधी टेबलावरचा खेळ काय असतो ते बघू. पाच-सहा माणसं बसतात. त्यातला एक जण डंजन मास्टर असतो. तो जग सांगतो: तुम्ही एका लेण्याच्या तोंडाशी उभे आहात, आतून ओलसर वास येतोय, कुठंतरी लांब दगडावर धातू घासल्याचा आवाज आहे. बाकीच्या प्रत्येकाकडं एकेक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर सहा गुणांचे आकडे: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. डंजन मास्टर विचारतो, "तुम्ही काय करता?" सगळा खेळ या एका प्रश्नावर चालतो. तुम्ही सांगता, तो परिणाम सांगतो, आणि परिणामाची खात्री नसेल तर फासा पडतो.

आपल्याकडं सारीपाटात कवड्या टाकल्या की दान पडतं. ते दान सोंगटी किती घरं पुढं जाणार हे सांगतं, आणि सोंगटीला घरांबाहेर कुठं जाता येत नाही. डी अँड डीमधलं दान वेगळं आहे. तुम्ही जे करायचं म्हणालात ते जमलं की नाही, एवढंच ते सांगतं. काय करायचं, ते पटावर कुठंच लिहिलेलं नसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे.

गणित अगदी सोपं आहे. वीस बाजूंचा फासा, म्हणजे प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के. समजा माझ्या योद्ध्याला वार करताना फाशाच्या आकड्यात ९ मिळवता येतात आणि समोरच्याचं चिलखत १८ आहे, म्हणजे बेरीज निदान १८ व्हायला हवी. मग मला फाशावर ९ किंवा त्याहून जास्त हवेत. वीसपैकी बारा आकडे चालतील, म्हणजे ६० टक्के. एखादी धारदार तलवार मिळाली आणि ९चे १० झाले तर ६५ टक्के. एक गुण म्हणजे पाच टक्के, हा हिशोब कुणीही बोटांवर करू शकतं. १ पडला तर वार हमखास चुकतो, २० पडला तर हमखास लागतो. २० पडल्यावर आमच्या खोलीत होणारा आरडाओरडा खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

भाचीला वाटलं होतं की या खेळाची मुळं म्हणजे हा फासा. खेळाबद्दल बोलणारे बरेच जण तसंच धरून चालतात: फासा आहे, योद्धा-चोर-जादूगार असे पात्रांचे वर्ग आहेत, चढत जाणाऱ्या पातळ्या आहेत, म्हणजे मुळाशी इमान राखलं. माझं मत वेगळं आहे आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटनं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक युद्धखेळ तयार केला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि दोन्ही बाजूंच्या मधे बसलेला एक पंच. खेळाडू आपले हुकूम पंचाला सांगायचे. शत्रूचं काय दिसतं आणि काय नाही, हेही पंचच ठरवायचा. पुढं नियमांची पुस्तकं जाड होत गेली, तक्ते वाढले, खेळ रटाळ झाला. तेव्हा १८७६च्या सुमाराला व्हेर्डी दु व्हेर्नुआ या जर्मन सेनाधिकाऱ्यानं उलट बाजू मांडली: तक्ते बाजूला ठेवा, पंच जाणता असेल तर त्याला निर्णय देऊ द्या. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद इतका जुना आहे.

नंतर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली या हौशी खेळाडूनं एक युद्धखेळ मांडला. एका कल्पित गावातली वेगवेगळी माणसं त्यानं एकेका खेळाडूला वाटून दिली. खेळाडू लढाईची वाट बघत बसले नाहीत. ते एकमेकांशी बोलायला लागले, कट करायला लागले, नियमात नसलेल्या गोष्टी करायला लागले आणि वेसलीला जागच्या जागी निर्णय द्यावे लागले. त्या मंडळींमधल्या डेव्ह आर्नेसननं हीच कल्पना धरून 'ब्लॅकमूर' नावाचं आपलं जग उभं केलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावात गॅरी गायगॅक्सकडं मध्ययुगीन लढायांचे नियम तयार होते. दोघांनी मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्स रचलं आणि १९७४ मध्ये ते छापलं गेलं, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. तीन पातळ पुस्तिका, आणि त्यांत कितीतरी गोष्टी पंचावर सोपवलेल्या.

म्हणजे वंशावळ बघितली तर वीस बाजूंच्या फाशाच्या कितीतरी आधीपासून पंच आहे. माझ्या मते या खेळाचं मूळ तो आहे: ऐकणारा आणि ठरवणारा माणूस. फासा त्याच्या हातातलं एक अवजार.

हे नुसतं सांगून भाचीला पटेना, म्हणून तिला आमच्याच टेबलावरचा एक प्रसंग आठवून दिला. आमच्यात एक जण बांधकामाची कामं घेतो. डंजन मास्टर म्हणून मी पांडवलेण्यांसारखी एक डोंगरातली लेणी कल्पून तिथं एक लांब दालन रचलं होतं. मधला एक दगड सैल, त्यावर पाय पडला की छतातून शिळा कोसळणार. माझ्या वहीत लिहिलेलं होतं की हा सापळा चोर हुडकू शकतो आणि त्यासाठी फाशावर अमुक इतकं यायला हवं. त्या दिवशी आमचा चोर खेळणारा आला नव्हता. बांधकामवाल्याचं पात्र साधा योद्धा. तो म्हणाला, "माझ्याकडं पाण्याची पखाल आहे ना? फरशी बसवून झाली की आम्ही पाणी सोडून उतार बघतो. इथं ओततो पाणी. जिथं पोकळी असेल तिथं ते खाली जाईल."

माझ्या वहीत पाणी नव्हतं. मी थोडा वेळ विचार केला. सैल दगडाच्या चारी कडांना फट असणारच. पाणी तिथं थांबणार नाही. मी फासा मागितलाच नाही. सांगितलं, "पाणी तिसऱ्या रांगेतल्या दगडाच्या कडेनं आत जातंय." टेबलावरचे सगळे उठून उभे राहिले. पण पखाल रिकामी झाली होती, आणि पुढच्या दोन शनिवारांत ती मंडळी तहानेनं हैराण झाली, कारण मी ते पाणी विसरलो नव्हतो.

आता तोच योद्धा डीडीओत त्याच दालनात उभा करा. तिथं सापळ्याची चाहूल लागायला ते कौशल्य असलेलं पात्र लागतं, तो बंद करायला जवळपास लपवलेली पेटी शोधावी लागते आणि चोरासारखं कसबी पात्र लागतं. आमच्या योद्ध्यापुढं एकच रस्ता: वेळ साधून उडी मारायची किंवा मार खात पळत जायचं. ओतायला पाणी नाही. पाणी ओतणं ही कल्पना त्या जगाच्या कर्त्यांच्या मनात आली नाही, म्हणून ती त्या जगात नाही. संगणकाचा पंच फार कडक, फार प्रामाणिक आणि फार वेगवान आहे. फक्त तो तुमचं ऐकू शकत नाही. आधी लिहून ठेवलेल्या पर्यायांमधला तुम्ही कोणता निवडला, एवढंच त्याला कळतं.

"म्हणजे डीडीओ खोटी?" भाचीनं विचारलं.

नाही, आणि इथंच मला खरं बोलायचं आहे.

जिथं नियम पाळला आणि जिथं मोडला

डीडीओ २८ फेब्रुवारी २००६ला आली. बनवली टर्बाइन या अमेरिकी कंपनीनं. २००४च्या शेवटी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ही ऑनलाइन गेम आली होती आणि ऑनलाइन भूमिका-खेळ म्हणजे मोकळ्या रानात हिंडून जनावरं मारायची आणि गुण गोळा करायचे, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलं होतं. टर्बाइननं डी अँड डीची त्या वेळची साडेतीन क्रमांकाची आवृत्ती घेतली. जग घेतलं एबेरॉन. हे जग कीथ बेकरचं. नव्या जगाच्या शोधासाठी २००२ मध्ये स्पर्धा झाली होती, तिच्यात ११ हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या आणि त्यातून ते निवडलं गेलं. त्यात जादूच्या जोरावर धावणाऱ्या गाड्या आहेत, युद्धासाठी घडवलेली आणि आता आपलं काय करायचं हे न कळणारी वॉरफोर्ज्ड नावाची माणसासारखी यंत्रं आहेत. मला हे जग मनापासून आवडतं. खेळ घडतो स्टॉर्मरीच या बंदराच्या शहरात.

नियमांच्या बाबतीत त्यांनी खूप काही जसंच्या तसं आणलं. सहा गुण, ठरावीक गुणसंख्या वाटून घेऊन ते ठरवण्याची रीत, वर्ग, एका पात्रात दोन-तीन वर्ग मिसळण्याची मुभा, संकटातून सुटलो की नाही हे ठरवणारे बचावाचे फासे, आणि प्रत्येक वाराला वीस बाजूंचं दान. तो कोपऱ्यातला फासा शोभेचा नाही. खरंच सर्व्हरवर दान पडतं आणि तेच तुम्हाला दाखवलं जातं.

पण याच प्रामाणिकपणानं त्यांना अडचणीत आणलं. मघाचं गणित आठवा. ९ अधिक फासा, समोर १८. हे गणित नीट चालतं, कारण दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत आणि मधल्या जागेत फाशाला खेळायला वाव आहे. ऑनलाइन खेळात मात्र लोकांना परत परत यायला काहीतरी द्यावं लागतं. नवी तलवार, तिच्याहून नवी तलवार. सुरुवातीला पात्राची पातळी १०पर्यंतच जायची, पुढं ती ३०च्याही वर गेली. आता योद्ध्याला वार करताना ४५ मिळवता येत असतील आणि समोरचं चिलखत ४० असेल, तर फाशावर काहीही पडो, १ सोडून सगळं लागतं. ९५ टक्के. आणि समोर ७० असेल तर २० सोडून काहीच लागत नाही. ५ टक्के. फासा फिरतोय, आकडा दिसतोय, पण तो काहीच ठरवत नाही. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी मात्र आधीच ठरलेल्या घरात ठेवायची, असं झालं.

ही कमतरता मूळ नियमांतही होती, उंच पातळीला टेबलावरही ती जाणवायची. पण टेबलावर डंजन मास्टर बघतो की खेळ लुळा पडतोय, आणि पुढच्या शनिवारी राक्षस बदलतो. हजारो लोकांच्या सर्व्हरला असं गुपचूप सावरता येत नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीनं २०१४ मध्ये हा रोग मुळातूनच कमी केला. तिथं सराव असलेल्या कामाचा बोनस पहिल्या पातळीला २ असतो आणि अगदी वरच्या टोकालाही ६च होतो. म्हणजे फाशाची सत्ता शेवटपर्यंत टिकते.

डीडीओनं काय केलं? त्यांनी पुढं गणितच बदललं. टेबलावर आपण वजाबाकी करतो: समोरचा आकडा वजा माझा बोनस. त्यांनी वजाबाकीच्या जागी भागाकार आणला, माझ्या बोनसचं समोरच्या चिलखताशी गुणोत्तर. आकडे कितीही मोठे झाले तरी शक्यता एकदम शंभराला किंवा शून्याला चिकटत नाही, हळूहळू सरकते. माणसाला टेबलावर बसून प्रत्येक वाराला भागाकार करणं नकोसं होईल, संगणकाला त्याचं काहीच नाही. पुस्तकातला नियम मोडला आणि त्या नियमाचा हेतू वाचवला. वार लागेल की नाही ही धाकधूक, तीच तर हवी होती.

एकदा ही नजर आली की डीडीओचे बरेच बदल वेगळे दिसायला लागतात.

जादूगार घ्या. त्या आवृत्तीत टेबलावर पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एक-दोनच खरे मंत्र मिळतात. वापरला की गेला, रात्रभर झोपल्यावर परत. आमच्या खोलीत पाच गॉब्लिनांशी लढाई अर्धा-पाऊण तास चालते, त्यामुळं एक मंत्र म्हणजे मोठा प्रसंग असतो. पडद्यावर तीच लढाई अर्ध्या मिनिटात संपते. तिथं नियम तसाच ठेवला असता तर जादूगार पहिल्या मिनिटाला मंत्र म्हणून उरलेली वीस मिनिटं काठी घेऊन मागं उभा राहिला असता. डीडीओनं मंत्रांना गुणांची शिदोरी दिली, त्यातून खर्च करत जायचं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचलं नाही. मला पटतं. कारण शिदोरी कधीतरी संपते, आणि ती जपून वापरणं हेच जादूगार खेळण्यातलं खरं कसब आहे.

आणि ती पुन्हा भरायची कशी? टेबलावर एक ओळखीचा आळस असतो: एक लढाई करायची, सगळे मंत्र उडवायचे, मग "आम्ही इथंच झोपतो" म्हणायचं. डंजन मास्टरला मग रात्री लांडगे पाठवावे लागतात. डीडीओत मोहिमेच्या आत विश्रांतीची ठरावीक ठाणी आहेत. तिथंच थांबता येतं, आणि तीही मोजकी. हा नियम पुस्तकात कुठंच नाही. तरी चौघं जण शेवटच्या ठाण्यापाशी उभे राहून "आत्ता वापरायचं की पुढं अजून अवघड आहे?" असं बोलतात, तेव्हा ते आमच्या टेबलावरचंच बोलणं असतं. मी दोन्हीकडं ते ऐकलं आहे.

सगळ्यात मोठा बदल अनुभवाच्या गुणांचा आणि मला तो फार मोलाचा वाटतो. डीडीओत मोहिमेच्या आत नुसता राक्षस मारल्याचे गुण मिळत नाहीत. मोहीम पूर्ण केली की मिळतात. कुणी मेलं नाही तर जास्त, सापळे बंद केले तर जास्त. जवळजवळ सगळ्यांना मारलंत तरी बोनस, आणि अगदी थोड्यांना हात लावून गुपचूप पार पडलात तरी वेगळा बोनस. साडेतीनच्या पुस्तकात गुण मुख्यतः राक्षसांवर मात केल्याचे होते. पण १९७४च्या मूळ खेळात बहुतेक गुण खजिना सुखरूप बाहेर आणल्याचे मिळायचे. त्यामुळं तेव्हाचे खेळाडू लढाई टाळायचे, वाटाघाटी करायचे, मागच्या दारानं जायचे. डीडीओनं जवळच्या पुस्तकाशी बेइमानी केली आणि बत्तीस वर्षं जुन्या पुस्तकाच्या स्वभावाशी जाऊन मिळाली. त्यांनी ते तसं ठरवून केलं की नाही, त्यानं माझ्या लेखी फरक पडत नाही. खेळताना ते जाणवतं.

शिवाय प्रत्येक टोळीला मोहिमेची स्वतःची स्वतंत्र प्रत मिळते. आत गेलात की तुम्ही पाच-सहा जण आणि ते दालन. दुसरं कुणी मधून पळत जात नाही. सुरुवातीपासून गेममध्येच एकमेकांशी बोलण्याची सोय होती, आणि एकट्यानं खेळणं फार अवघड होतं. लोकांनी त्यावर बरीच नाराजी दाखवली. पुढं एकट्यानं खेळण्याची सोय आली, भाड्याचे सोबतीही आले, आणि २००९ला गेम मोफत झाल्यावर गर्दी वाढली. ते लागतंच, रात्री अकराला सोबत मिळतेच असं नाही. तरी माझ्या मते गेम टेबलाच्या सर्वांत जवळ होती ती याच सुरुवातीच्या हट्टात: चार माणसं जमवा, मग दार उघडेल.

एका ठिकाणी मात्र तिची वाट टेबलापासून पार वेगळी झाली. डीडीओतली लढाई चालत्या वेळात होते. तुम्ही माउस दाबता, पात्र तलवार फिरवतं. तुम्ही बाजूला सरकता, बाण चुकतो. फिरत्या पात्यांच्या सापळ्यातून उडी मारताना तुमची बोटं कामाला येतात. टेबलावर आमच्यातले एक निवृत्त काका आहेत, गुडघे दुखतात म्हणून जिना हळूहळू चढतात. त्यांचं पात्र छपरांवरून उड्या मारतं. ते त्यांना जमतं, कारण तिथं चपळाई कागदावरची असते, त्यांच्या शरीरातली नाही. मला या खेळात सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट हीच. आपण नाही आहोत ते होता येतं. डीडीओत त्या काकांची बोटं त्यांच्या पात्राला खाली खेचतात. फासा पात्राचा आणि हात खेळाडूचा, अशी दोन जुळी गणितं तिथं एकावर एक चालतात, आणि त्यातलं दुसरं टेबलाच्या स्वभावाविरुद्ध आहे.

मग पंच आणायचाच कसा?

इतरांनी प्रयत्न केले आहेत. २००२च्या 'नेव्हरविंटर नाइट्स'मध्ये बायोवेअर कंपनीनं डंजन मास्टरसाठी वेगळा दरवाजाच ठेवला होता. खरा माणूस आत येऊन राक्षस उभे करू शकायचा, एखाद्या पात्राच्या तोंडून बोलू शकायचा. कल्पना सुंदर, पण त्याला तयारी फार करावी लागायची. सांगायला एक वाक्य पुरतं, ते पडद्यावर घडवायला सामान लागतं. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'नं दुसरी वाट धरली: खेळाडूला जे जे सुचेल असं वाटतं ते आधीच लिहून, बोलून, रेकॉर्ड करून ठेवायचं. तिच्यातली लढाई चालत्या वेळात नाही, पाळीपाळीनं होते, म्हणून काकांची बोटं तिथं आड येत नाहीत. मी ती खेळताना वारंवार थक्क झालो. खोकी रचून भिंतीवर चढता येतं, जमिनीवर सांडलेल्या तेलाला आग लावता येते. तरी ती एक फार मोठी, फार प्रेमानं भरलेली यादीच आहे, आणि याद्या कुठंतरी संपतात.

रोल२०सारख्या सेवा या वादात येत नाहीत. तिथं संगणक पंच होतच नाही. तो फक्त नकाशा आणि फासे दाखवतो, बोलणारी माणसं खरीच असतात. नाशिक सोडून पुण्याला, बंगळुरूला गेलेल्या आमच्या दोघांबरोबर आम्ही तसंच खेळतो. तो टेबलच असतो, फक्त लांबलचक.

आपल्याकडं कीर्तन ऐकलेल्या माणसाला हा फरक चटकन कळतो. चांगला कीर्तनकार आख्यान सांगताना समोरच्यांचे चेहरे बघत असतो. लोक रंगले की दृष्टान्त वाढवतो, चुळबुळ दिसली की अभंगाकडं वळतो. तेच कीर्तन मोबाइलवर ऐकलं तर शब्द तेच, चाल तीच, पण तो आपल्याकडं बघत नसतो. रेकॉर्ड केलेलं कीर्तन खोटं नाही. लांबच्या माणसाला, आजारी माणसाला त्याचाच आधार असतो. फक्त त्याला आपण तिथं आहोत हे माहीत नसतं.

डीडीओत हे मला एका जागी फार लागलं. या गेममध्ये डंजन मास्टरचा आवाज आहे. मोहिमेत ठरावीक ठिकाणी पोचलात की तो वर्णन करतो: इथं कुजका वास येतोय, भिंतीवर ओरखडे आहेत. डोळ्यांना दिसत नाही ते कानात सांगतो. डेलेराच्या थडग्याच्या मोहिमेत हा आवाज खुद्द गॅरी गायगॅक्सचा आहे, आणि दुसऱ्या एका मोहिमांच्या साखळीत डेव्ह आर्नेसनचा. गायगॅक्स ४ मार्च २००८ला वारले. आर्नेसन ७ एप्रिल २००९ला. डेलेराच्या त्या दफनभूमीत गेमच्या कर्त्यांनी गायगॅक्सचं एक स्मारक उभारलं आहे.

मी भाचीला तिथं घेऊन गेलो. हेडफोनचा एक कान तिच्याकडं, एक माझ्याकडं. म्हातारा, थोडा खरखरीत, सावकाश आवाज. ज्यांनी पंचाला एवढं मोठं केलं, त्यातल्या एकाचा. तो त्या दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तीच वाक्यं त्याच सुरात सांगतो. ती वाक्यं चांगली आहेत. तिनं दोनदा मागं जाऊन ऐकली. मग एका बंद दारापाशी थांबून म्हणाली, "मी या दाराला कान लावते." आणि माझ्याकडं बघायला लागली.

कान लावायचं बटण नव्हतं. आतून काय ऐकू येतं, ते मी सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली. तिनं स्वतः एक दालन रचलं होतं, आणि बांधकामवाल्याच्या धास्तीनं त्यात आधीच गुडघाभर पाणी भरून ठेवलं होतं. त्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "पाणी वाहतंय की साचलेलं?" ती गप्प झाली. वहीत ते नव्हतं. आम्ही सगळे थांबलो, कुणी घाई केली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वाहतंय. डावीकडं."